सुटकेची गोष्ट आणि कैदेचे दिवस

मुंबईतील आपले पहिले सिनेगॉग एका युद्धकैद्याने बांधले, हे आपल्यापैकी बहुतेकांना लहानपणापासून ठाऊक आहे. सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजे सॅम्युअल एझिकेल दिवेकर, ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत होते आणि म्हैसूरच्या लढाईत टिपू सुलतानाच्या हाती सापडले. टिपूने जात विचारली, उत्तर आले "बेने इस्राएल", आणि टिपूची आई म्हणाली की हे तर कुराणात नाव आलेले लोक, यांना मारू नकोस. ही कथा आपल्या आज्यांनी आपल्याला सांगितली, आपण नातवंडांना सांगतो. सुटून आलेल्या सामाजींनी १७९६ साली शाअर हारहमीम, दयेचे द्वार, उभारले. त्याला 'जुनी मशीद' म्हणत आणि मस्जिद बंदर हे नाव त्यावरूनच पडले, असे सांगतात.

आता एक प्रश्न. सामाजी कैदेत किती दिवस होते? कोठडीत एकटे होते की सोबत कोणी होते? शब्बाथ कुठला हे त्यांना कळत होते का? आपल्याजवळ याचे एकही उत्तर नाही. पकडले गेले ते माहीत आहे, सुटले ते माहीत आहे, आणि मधल्या दिवसांच्या जागी टिपूच्या आईचे एक वाक्य आहे. आम्ही तक्रार करीत नाही; त्या काळच्या शिपायाने रोजनिशी लिहावी अशी अपेक्षा कोण करील? पण ही सवय सामाजींच्या काळापुरती राहिलेली नाही. कैद्याची गोष्ट म्हटली की आपल्याला सुटकेची गोष्ट हवी असते. रामबामने पिदयोन श्वुयीमपेक्षा, म्हणजे कैद्याला सोडवण्यापेक्षा, मोठी मित्सवा नाही असे लिहून ठेवले आहे. ते थोरच आहे. पण त्या वाक्यात सोडवणारा कर्ता आहे आणि कैदी कर्म आहे. कैदी स्वतः काय करीत होता, हे तिथे विचारलेले नाही.

तो प्रश्न विचारणारी तीन पुस्तके आम्ही लागोपाठ वाचली. तिन्ही युद्धकैदी वैमानिकांची आहेत. एक भारतातले, दोन इथली. तिन्हींची जात इतकी वेगळी आहे की दुकानात ती एका फळीवर कधीच सापडणार नाहीत. तिसरे तर पोरांच्या पुस्तकांत ठेवलेले असते.

आधी भारताचे, कारण ते आपल्यातील पुष्कळांना जवळचे वाटेल. फेथ जॉन्स्टन या कॅनडातील लेखिकेचे 'फोर माइल्स टू फ्रीडम' हे २०१३ साली निघाले. १९७१च्या युद्धात पाकिस्तानात पाडल्या गेलेल्या आणि रावळपिंडीच्या छावणीत ठेवलेल्या बारा भारतीय वैमानिकांची ही हकिगत आहे. त्यांतले फ्लाइट लेफ्टनंट दिलीप पारुळकर आपले मराठी. १९६५च्या युद्धात दंडाला गोळी लागली असताना विमान परत आणलेला हा माणूस. कधी कैद झालोच तर पळून जाईन असे त्यांनी आपल्या वरिष्ठांना १९७१च्या आधीच सांगून ठेवले होते. १० डिसेंबर १९७१ला त्यांचे सुखोई पडले आणि ते बोलल्याप्रमाणे वागले. १९७२च्या ऑगस्टमध्ये, १२ आणि १३ तारखेमधल्या रात्री, पारुळकर, मालविंदरसिंग ग्रेवाल आणि हरिश सिन्हजी कोठडीच्या भिंतीला पाडलेल्या भोकातून बाहेर पडले. बसने पेशावर, टांग्याने जमरूद, तिथून लंडी कोतल. अफगाण सरहद्द चार-पाच मैलांवर राहिली होती. तिथे त्यांनी लंडी खानाची वाट विचारली आणि घात झाला. नकाशात लंडी खाना हे रेल्वेचे शेवटचे स्टेशन होते. पण ते १९३२ सालीच बंद पडले होते. बंद स्टेशनाचा पत्ता विचारणारे हे कोण, म्हणून लोकांना संशय आला.

ही गोष्ट कुणीही सांगितली तरी रंगतेच, आणि पुढे तिच्यावर चित्रपटही निघाला. आपल्या वाचकांना एका तपशिलाचे हसू येईल. तिघांनी पाकिस्तानी हवाई दलाचे लोक असल्याचे सोंग घेतले आणि त्यातल्या सिन्हजींचे नाव ठरले हॅरोल्ड जेकब. खैबर खिंडीत एक जेकब!

पण जॉन्स्टनबाईंचे खरे काम आम्हांला दुसरीकडे दिसले. त्यांनी बाराही जणांचे दिवस लिहिले आहेत. छावणीचा अधिकारी उस्मान हमीद या कैद्यांशी माणुसकीने वागला. आणि पुढे लंडी कोतलला तिघांवर शेकली तेव्हा पारुळकरांनी त्यालाच फोन लावण्याची मागणी केली, म्हणून ते जिवंत राहिले. पळून जाण्याच्या मसलतीबद्दल सगळ्यांचे एकमत नव्हते, हेही पुस्तक लपवत नाही. तिघे गेले, नऊ मागे राहिले, आणि पळालेल्यांमुळे राहिलेल्यांचे दिवस कठीण झाले. १ डिसेंबर १९७२ला वाघ्याच्या फाटकातून सगळे परत आले. सगळे, एकाच दिवशी. मग पळण्याने मिळवले काय, असा प्रश्न वाचकाच्या मनात येतो. लेखिका त्याचे उत्तर देत नाही, आणि तिने दिले नाही हे आम्हांला आवडले. उणीव सांगायची तर मागे राहिलेल्या नऊ जणांसाठी आणखी पंचवीस पाने खर्च करायला हवी होती. पुस्तकाचे नावच तिघांचे आहे. त्यामुळे नऊ जण शेवटी पाहुण्यांसारखे वाटतात.

रावळपिंडीत आणखी एक गोष्ट होती जी कैरोत नव्हती. त्या तिघांना रस्त्यावरची भाषा येत होती, आणि सलवार-कमीज घालून बसमध्ये बसले तर कोणी वळून पाहत नव्हते. नाईलच्या काठी पडलेला इस्रायली वैमानिक कुठे पळणार? शिवाय गिओरा रोमला तर उभेही राहता येत नव्हते.

रोमचे पुस्तक हिब्रूत २००८ साली आले, 'त्सिवओनी अरबा', म्हणजे ट्युलिप चार. हा त्याचा आकाशातला पुकार. २०१४ साली 'सॉलिटरी' या नावाने ते इंग्रजीत निघाले, तेव्हा ज्यांचे हिब्रू उलपानच्या पलीकडे गेले नाही त्यांनीही ते सोडू नये. सहा दिवसांच्या युद्धात पाच विमाने पाडून रोम इस्रायलचा पहिला जेट 'एस' ठरला, बावीस वर्षांचा असताना. ११ सप्टेंबर १९६९ रोजी नाईलच्या त्रिभुज प्रदेशावर त्याच्या मिराजला क्षेपणास्त्र लागले. तो पॅराशूटने उतरला तो कोपराचा चुरा आणि मांडीचे हाड मोडलेल्या अवस्थेत, संतापलेल्या गावकऱ्यांच्या मधोमध. नंतर कैरो, प्लॅस्टर, एकांत कोठडी, चौकशी, मारहाण. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत तो घरी आला. म्हणजे पुरते तीन महिनेही नाहीत.

तीन महिन्यांवर एवढे पुस्तक कसे? इथे थोडे मागे जायला हवे. रोमच्या पिढीने शाळेत ऊरी इलानची कथा ऐकली होती. गोलानीचा हा जवान सिरियाच्या तुरुंगात होता. जानेवारी १९५५मध्ये त्याने तिथे स्वतःचा जीव घेतला. त्याचे शव परत आले तेव्हा त्याच्याजवळ चिठ्ठी सापडली: मी विश्वासघात केला नाही. देश रडला, आणि ते शब्द मुलांच्या पाठ्यवाचनात गेले. ऊरीच्या धैर्याला आम्ही वंदन करतो. परंतु त्या कथेने नंतरच्या प्रत्येक कैद्याच्या खांद्यावर ओझे ठेवले. चांगला कैदी तो, जो बोलला नाही, आणि जो बोलला नाही याची खात्री त्याच्या मरणाने पटते. मग जो जिवंत परत येतो त्याचे काय? त्याच्याकडे लोक फुले घेऊन येतात, आणि फुलांच्या आड एक प्रश्न असतो. तू काय सांगितलेस?

रोमचे पुस्तक त्या प्रश्नाला तोंड देते, म्हणून ते मोठे आहे. तो स्वतःला वीर म्हणवत नाही आणि कीव येईल असेही लिहीत नाही. चौकशीला बसलेल्या माणसाचे डोके कसे चालते, काय द्यायचे, काय राखायचे, कालचे बोलणे आजच्या बोलण्याशी कसे जुळवायचे, हे तो वैमानिक उड्डाणानंतर अहवाल देतो तसे सांगतो. त्याची हिब्रू कोरडी आहे. काही पानांवर तर विमानाचे इतके तपशील येतात की आमच्यासारख्या वाचकाची दमछाक होते. दोनदा आम्ही पुस्तक मिटून चहा टाकला. पण याच कोरडेपणामुळे मारहाणीची पाने वाचता येतात. तिथे विशेषणे घातली असती तर आम्ही पुढे गेलो नसतो.

आणि तरीही आमचे मत असे की कैदेचा भाग हा या पुस्तकाचा सर्वांत चांगला भाग नव्हे. सर्वांत चांगला भाग सुटल्यानंतरचा आहे, जिथे बहुतेक आत्मकथने संपतात. रोम घरी येतो, शस्त्रक्रिया होतात, आणि हा माणूस पुन्हा लढाऊ विमानात बसायचे ठरवतो. बसतो, आणि त्याला कळते की जुना रोम तिथे नाही. शत्रूच्या हद्दीवर गेले की शरीर आठवण काढते. लढाऊ वैमानिकाने भीतीबद्दल लिहिणे सोपे नसते, कारण ज्या खोलीत तो बसतो त्या खोलीत कोणी तो शब्द उच्चारत नाही. रोम पानेच्या पाने तेच लिहितो. कुणाला सांगावे हेही त्याला कळत नाही. एकांत कोठडी कैरोत सुटली आणि इथे, आपल्या माणसांत, पुन्हा सुरू झाली. इंग्रजी नावाचा अर्थ आम्हांला तिथे लागला. १९७३च्या योम किप्पूर युद्धात त्याने स्कायहॉक विमानांच्या स्क्वाड्रनचे नेतृत्व केले. ती पाने वाचताना हा अजून घाबरतो आहे की नाही, एवढेच आम्ही शोधत होतो.

तिसऱ्या पुस्तकाचे लेखक कैदी नव्हेत. ते टॉल्किनचे 'हॉबिट' आहे. बिल्बो बॅगिन्स नावाचा बुटका, आरामात राहणारा गृहस्थ तेरा ड्वार्फांबरोबर अजगराच्या खजिन्याच्या मागे जातो, ती गोष्ट. तिचे एक हिब्रू भाषांतर कैरोच्या अब्बासिया तुरुंगात झाले. १९७० साली, क्षीणीकरणाच्या युद्धात, पाडलेल्या विमानांतले वैमानिक आणि नॅव्हिगेटर व इतर काही सैनिक, असे दहा इस्रायली तिथे एकत्र ठेवले होते. १९७३च्या नोव्हेंबरपर्यंत ते तिथे होते. रेड क्रॉसमार्फत पुस्तके येत, त्यांत 'हॉबिट' आले. ज्यांना इंग्रजी येत होते त्यांनी ते हातोहात वाचले. बाकीच्यांना येत नव्हते. म्हणून रामी हारपाझ, मेनाखेम एयनी, अविनोआम काल्देस आणि इत्झाक फिर या चौघांनी ते हिब्रूत आणायचे ठरवले. जोडीने बसायचे, एकाने वाचत वाचत तोंडी भाषांतर करायचे, दुसऱ्याने वहीत उतरवायचे. सुटकेनंतर, १९७७ साली, ते छापून निघाले; भाषांतरकार म्हणून त्यावर अब्बासियातले वैमानिक आणि त्यांचे सोबती यांचा उल्लेख आहे. त्याच सुमारास एका व्यावसायिक भाषांतरकाराचे हिब्रू 'हॉबिट'ही बाजारात होते, पण पुष्कळ वाचकांचे प्रेम वैमानिकांच्या पुस्तकावर बसले ते बसलेच.

या पुस्तकाबद्दल इथे नेहमी एकच बोलले जाते. कैदेत वेळ घालवायला काहीतरी उद्योग हवा, म्हणून त्यांनी भाषांतर केले, केवढी जिद्द! आम्हांला हे कौतुक अपुरे वाटते. वेळ घालवायचा तर पत्ते असतात. भाषांतर करणारा माणूस प्रत्येक वाक्यापाशी थांबतो, आणि या चौघांना कोणत्या वाक्यांपाशी थांबावे लागले ते पाहावे.

नवव्या प्रकरणात वनराजा ड्वार्फांना पकडतो आणि प्रत्येकाला वेगळ्या कोठडीत टाकतो. त्यांना खायला-प्यायला मिळते. राजा राक्षस नाही. त्याला एवढेच हवे आहे की तुम्ही आमच्या वनात कशासाठी आलात ते सांगा. त्यांचा म्होरक्या थोरिन सांगत नाही. दिवस जातात. मग टॉल्किन लिहितो की थोरिन इतका खचला की सगळे सांगून टाकावे असे त्याच्या मनात येऊ लागले. आणि नेमक्या त्या वेळी कोठडीच्या कुलुपाच्या भोकातून त्याला बिल्बोचा बारीक आवाज ऐकू आला. बिल्बो अंगठीच्या जादूने अदृश्य होऊन त्या तुरुंगात फिरत होता. त्याने थोरिनचा निरोप कोठडीकोठडीत पोहोचवला. कोणी काही बोलायचे नाही.

हे वाक्य अब्बासियात एकाने मोठ्याने वाचले असेल आणि दुसऱ्याने हिब्रूत लिहिले असेल. थोरिन सरदार आहे, शूर आहे, आणि फुटण्याच्या बेतात आहे. टॉल्किन त्याला दोष देत नाही. फार तर एका आवाजाची उणीव होती, असे दाखवतो. ऊरी इलानच्या कथेत या क्षणाला जागा नव्हती. रोमला त्याच्याबद्दल लिहायला सुमारे चाळीस वर्षे लागली. अब्बासियातल्या चौघांनी स्वतःविषयी एक अक्षर न लिहिता तो क्षण, दुसऱ्याच्या गोष्टीतून, आपल्या सोबत्यांसमोर ठेवला. ते मुद्दाम होते असे आमचे म्हणणे नाही. पण त्या खोलीत ते वाचले गेले.

त्याच्या आधीचे अंधारातल्या कोड्यांचे प्रकरणही पाहा. बिल्बो आणि गॉलम एकमेकांना कोडी घालतात. उत्तर चुकले तर बिल्बोचा जीव जायचा. ही कोडी पद्यात आहेत, आणि पद्याचे भाषांतर करताना व्यावसायिकही घाम पुसतात. हिब्रूत ती यमकासह उतरली आहेत. काही ठिकाणी ओळ ओढूनताणून आणलेली दिसते, ते मान्य. गद्य मात्र एका हाताने लिहिल्यासारखे वाटते. जोड्या बदलल्या, वह्या बदलल्या, तरी आवाज एक राहिला. दहा माणसे दिवसरात्र एका खोलीत राहिल्याचा तोटा काय असतो हे सांगायला नको. फायदा असेल तर तो हा असावा.

शेवट तर कुणाही परतलेल्या कैद्याने वाचावा असा. बिल्बो घरी येतो तेव्हा त्याच्या दारात लिलाव चालू असतो. तो मेला असे सगळ्यांनी धरले आहे. नातलग खोल्यांची मापे घेत आहेत. तो जिवंत आहे हे काही जणांना पटवून घ्यायचेच नसते, आणि स्वतःचेच पुष्कळसे सामान त्याला परत विकत घ्यावे लागते. गावात त्याची पत कायमची जाते. लोक म्हणतात, हा आता पूर्वीसारखा राहिला नाही. टॉल्किनने हे हसत हसत लिहिले आहे. रोमचे सुटकेनंतरचे प्रकरण वाचल्यावर आम्हांला ते तितके हसत वाचता आले नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या वाचकांना वेगळी सांगायला नको, तरी सांगतो. ते भाषांतर सोबत्याला इंग्रजी येत नव्हते म्हणून झाले. आपल्यातली जी मंडळी १९५०-६०च्या दशकांत जहाजाने आणि विमानाने इथे उतरली, त्यांच्या घरी काय झाले? नातवाच्या शाळेचा कागद आला की सून वाचून मराठीत सांगायची. सरकारी पत्र आले की शेजारच्या लोदच्या मुलाला बोलवायचे. आपल्या या अंकात मराठी आणि हिब्रू पाने समोरासमोर छापतात ती याच कारणाने. म्हणून अब्बासियाच्या 'हॉबिट'ची तारीफ करताना इथल्या समीक्षकांना जे विशेष वाटते, ते आम्हांला ओळखीचे वाटते. एकाला येते, दुसऱ्याला येत नाही, आणि दोघांना एकाच खोलीत राहायचे आहे.

रोमचे पुस्तक मराठीत नाही. जॉन्स्टनबाईंचे मूळ इंग्रजीत आहे, तेवढे पुष्कळांना जमेल. वाचायला घ्यायचेच तर आमचा सल्ला उलट्या क्रमाचा आहे. आधी नातवंडांकडून 'हॉबिट'ची वैमानिकांची प्रत मागून घ्यावी आणि नववे प्रकरण त्यांच्याकडूनच मोठ्याने वाचून घ्यावे; मग रोमची विमानात परत बसण्याची पाने; रावळपिंडी शेवटी, आणि तेव्हा भिंतीच्या भोकापेक्षा आत राहिलेल्या नऊ जणांवर लक्ष ठेवावे. ज्यांच्या घरात १९७३चे कोणी आहेत, त्यांनी रोमचे पुस्तक त्यांच्या हाती देण्यापूर्वी एकदा विचारावे. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी ते तीस पानांनंतर परत केले. का, ते त्यांनी सांगितले नाही, आणि आम्ही विचारले नाही.